खाणीला खोडवा नसतो

आमच्या आणि आक्कांच्या घरामधलं कुंपण म्हणजे पाच सिमेंटचे खांब, तीन पदरी तार आणि तिच्यावर चढलेली घोसाळ्याची वेल. वेलीची मुळं आक्कांच्या हद्दीत, पाणी आक्कांचं, खतही त्यांच्याच गोठ्यातलं. घोसाळी मात्र आमच्या बाजूला लोंबतात. यावरून आजवर भांडण झालेलं नाही, कारण भजी दोन्ही घरांत जातात.

"बाई, हाय का घरात?"

ही हाक आली की समजायचं, आज काहीतरी मोठं आहे. बारीकसारीक बातमी असली तर आक्का हाक मारत नाहीत, नुसत्या तारेपाशी उभ्या राहून बांगड्या वाजवतात.

मी परात घेऊन बाहेर आले. आक्का घेवड्याच्या शेंगा सोलत होत्या. श्रावणातली संध्याकाळ, भुरभुर पाऊस येऊन गेलेला. तुकोबांची पालखी गावातून जाऊन महिना झाला, तरी गप्पांची सुरुवात तिथूनच झाली. "औंदा मेंढ्याचं रिंगण बघितलं का? काय न्हाई, रस्ताच एवढा मोठा झालाय, मेंढ्या थोड्या वाटाय लागल्यात." खरं होतं ते. पालखी मार्ग चौपदरी झाला आणि काटेवाडीच्या मेंढ्या एकदम लहान दिसू लागल्या. त्याच रस्त्यात आक्कांचं थोडं रान गेलं, त्याचे पैसे आले आणि बँकेत ठेव म्हणून पडून राहिले. आता ते पैसे त्यांना झोपू देत नव्हते.

"भाच्याचा फोन आलता."

"कुठून?"

"गडचिरोलीवरनं. पोकलेनवर ऑपरेटर हाय न्हवं का तिकडं खाणीवर. म्हनतोय, आत्या, आलापल्लीला पाच गुंठं पलाट हाय. घिऊन टाक. दहा खोल्या काढ, डायवर लोकास्नी भाड्यानं दे. दोन वर्सात दुप्पट!" आक्कांनी आवाज खाली आणला. "ह्यांस्नी अजून बोलले न्हाई. आधी तुमास्नी इचारते. तुम्ही राहिलाय की तिकडं."

राहिले होते खरी. आमचे हे कागद कारखान्यात होते. भिगवणला बदली होऊन आम्ही इकडे आलो, त्याआधी बरीच वर्षं बल्लारपुरात काढली. मी तिथे शाळेत शिकवत होते. बल्लारपूर म्हटलं की लोकांना कागद आठवतो. पण त्या गावाच्या पोटात कोळसा आहे, आणि त्या अख्ख्या पट्ट्यात घुग्घुस, सास्ती, माजरी, दुर्गापूर अशी कोळशाची गावं पसरलेली आहेत. १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी झाली. तिचं मुख्य कार्यालय नागपूरला, पण बरेच खड्डे चंद्रपूर-यवतमाळकडे.

"आक्का," मी म्हटलं, "क्वार्टर मिळेपर्यंत दोन वर्षं आम्ही भाड्यानं राहिलो. दोन खोल्या, पुढे व्हरांडा. सकाळी दोरीवर पांढरं लुगडं टाकलं तर दुपारपर्यंत त्यावर काळी रांगोळी. तुळशीची पानं पुसून मग देवाला वाहायची. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की फडताळातली भांडी आपोआप वाजायची. भिंतीला एक चीर होती. घरमालकीण मावशी दर दिवाळीला ती चुन्यानं बुजवायची आणि होळीपर्यंत ती पुन्हा उघडायची."

"अगं बाई! आणि भाडं?"

"आमचं भाडं सुरुवातीला बेतात होतं. मग जवळ नवं काम निघालं. एका आठवड्यात ठेकेदाराची शंभर-दीडशे माणसं गावात उतरली. एक दिवस मावशी व्हरांड्यात येऊन बसली आणि म्हणाली, 'बाई, तुम्ही देऊन देऊन किती द्याल? ठेकेदाराचा माणूस दुप्पट देऊन राहिला नं!' बाई वाईट नव्हती. आमच्या पोराला बोरं आणून द्यायची. पण दुप्पट म्हणजे दुप्पट."

खाणीच्या गावात भाव कसा चढतो, हे मला त्या व्हरांड्यात कळलं. माणसं एका रात्रीत बस भरून येतात. घर बांधायला वर्ष लागतं. मधल्या वर्षात जे काही छप्पर उभं आहे, त्याचा भाव फुटतो. शिवाय ठेकेदार भाडं स्वतःच्या खिशातून देत नाही, कामाच्या खर्चात धरतो. ज्याच्या खिशाला झळ नाही तो घासाघीस कशाला करेल? आधी भाडं चढतं, मग त्या भाड्याचा हिशोब घालून प्लॉटचा भाव ठरतो. आणि पहिलं बिऱ्हाड उचलतं कोण? शाळेतली बाई, दवाखान्यातली नर्स, पोस्टातला कारकून. म्हणजे ज्यांच्यावाचून गाव चालत नाही, ती माणसं.

"म्हंजी मावशीचं चांगलं झालं की!" आक्कांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं.

"झालं. पण का झालं ते बघा. मावशीचं घर तिच्या सासऱ्यानं बांधलेलं. तिनं चढत्या भावात काही विकत घेतलं नव्हतं. शेजारच्यानं मात्र तिचं बघून कर्ज काढलं आणि सहा खोल्या ओळीनं काढल्या. स्लॅब पडेपर्यंत ठेका संपला. आम्ही बल्लारपूर सोडलं तेव्हा त्या सहाही खोल्यांना कुलपं होती. एकीत तो स्वतःचा कडबा ठेवायचा."

तेवढ्यात दाजी आले. गोठ्यातून हात पुसत, पण कान आधीपासून इकडेच असणार. तारेजवळ येऊन म्हणाले, "बाई, काय बी म्हना, जमिनीचा भाव कुठं उतरत असतोय का? आपल्याकडंच बघा. बारामतीची एमआयडीसी झाली, तवा कोण म्हनलं असतं का, कन्हेरीपतूर गुंठ्यानं रान विकंल म्हणून?"

हे दाजींचं नेहमीचं. त्यांना बातमी आधीच कळलेली असते, पण आक्कांना वाटावं कळलेली नाही म्हणून ते आडून बोलतात.

"आन भाचा म्हनला," आता दाजींनी सगळंच उघडं केलं, "खाणीचा पट्टा पन्नास वर्साचा हाय!"

ते खरं होतं. भाच्याची खाण एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर, तिथे लोखंडाचा दगड आहे. लॉइड्स मेटल्सला तिथला खाणपट्टा २००७ साली मिळाला, आणि आताच्या कायद्यानं खाणपट्ट्याची मुदत पन्नास वर्षांची. "पण दाजी," मी म्हटलं, "पट्टा २००७ चा, आणि दगड खऱ्या अर्थानं निघायला लागला २०२१ पासून. मध्ये २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथली सत्तरच्या वर वाहनं एका दिवसात पेटवली आणि काम ठप्प झालं. त्याच्या आदल्या महिन्यात कुणी आलापल्लीला दहा खोल्या काढल्या असत्या तर? पट्टा पन्नास वर्षांचा होता, पण बँकेचा हप्ता दर महिन्याचा असतो."

दाजींनी तंबाखू मळायला घेतली. पटल्याची ही पहिली खूण.

"बरं, आता तर मोप चाललंय," ते म्हणाले.

"चाललंय. २०२३ ला वर्षाला एक कोटी टन काढायची परवानगी मिळाली. कोनसरीला पोलादाचा कारखाना होतोय. ट्रकांची रांग लागायची, रस्त्याची पार चाळण झाली, हे सगळं खरं. पण दगड ट्रकनंच किती दिवस जाणार? खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे पंच्याऐंशी किलोमीटरची पाइपलाइन २०२५ मध्ये सुरू झाली. दगड दळायचा, पाण्यात कालवायचा आणि नळातून सोडायचा."

"ऑ? दगड नळातनं?"

"आपल्या ठिबकमधून खत जातं तसं. आता सांगा आक्का, तुम्ही खोल्या कुणासाठी काढणार?"

"डायवर लोकांसाठी."

"आणि जिथे नळ दगड नेतो, तिथे तेवढे ड्रायव्हर लागतील का?"

आक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. हा मुद्दा भाच्यानं सांगितला नव्हता. तो खोटं बोलला असं नाही. पोकलेनच्या केबिनमधून पुढचा ढिगारा दिसतो, नळ दिसत नाही.

"आता दुसरं. त्या पाच गुंठ्यांचा सातबारा बघितला का?"

"न्हाई. बाँडवर लिहून देणार हाय म्हनं. नोटरी करून."

"आक्का!"

त्या एका शब्दानं दाजींनी तंबाखू थांबवली. आपल्याकडे लहान पोरालाही कळतं की बाँडवर जमीन होत नसते. पण लांबच्या मुलखातला व्यवहार म्हटला की शहाणी माणसं घरचे नियम घरी ठेवून जातात. एटापल्ली-अहेरीकडचा बराच भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला सरकारच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. महसूल कायद्यात त्यासाठी छत्तीस आणि छत्तीस-अ ही कलमं आहेत. कुणी घेतलीच, तर पुढे ती मूळ मालकाला परत द्यायचा कायदा आहे, तोही १९७४ पासून. उरलेलं बहुतेक जंगल, म्हणजे वनखात्याचं. मग बाहेरच्या माणसाला रीतसर विकत घेता येईल अशी जागा उरतेच किती? बाजारपेठेतली चिमूटभर. म्हणून तिचा भाव आभाळाला जातो. आणि जी जागा स्वस्त मिळते, ती स्वस्त का आहे ते सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं.

"म्हंजी कायदा त्येंच्या बाजूनं हाय, ते बेस हाय," आक्का म्हणाल्या. आक्का अशा मध्येच मोठं बोलून जातात. "न्हाईतर आपल्यासारख्यांनी सगळं गिळलं आसतं."

दाजी अजून मैदान सोडायला तयार नव्हते. "आपल्याकडं खाणी नीट चालत न्हाईत. फॉरेनला बघा. तिकडं शिस्त असती."

फॉरेनचं नाव काढलं आणि माझं फावलं. माझी भाची ब्रिस्बेनला नर्स आहे. तिच्या राज्यात क्वीन्सलँडमध्ये मोरनबा नावाचं कोळशाचं गाव आहे. आपल्या साखर कारखान्याच्या भवानीनगरसारखं, एका धंद्यावर उभं. २०१२ च्या सुमाराला कोळसा तेजीत होता, तेव्हा तिथलं साधं घर साडेसात लाख डॉलरच्या आसपास गेलं. सिडनी-मेलबर्नच्या लोकांनी गाव न बघता घरं घेतली, भाडं खाऊ म्हणून. चार वर्षांत तीच घरं दोन लाखांच्या आत आली. ऑस्ट्रेलियाच्या पलीकडच्या टोकाला लोखंडाचं बंदर आहे, पोर्ट हेडलँड. तिथे तेजीत आठवड्याचं भाडं दोन हजार डॉलरच्या वर होतं. तिथली गतही तीच झाली.

"पर खाण बंद झाली का?" दाजींनी विचारलं.

"तीच तर गंमत. खाण चालूच होती! भाव पडला कोळशाचा. आणि कंपन्यांनी हिशोब केला, गावात घरं बांधून माणसं वसवण्यापेक्षा विमानानं आणावीत. दोन आठवडे काम, एक आठवडा घरी. राहायला पत्र्याच्या खोल्यांचा तळ."

"म्हंजी ऊसतोडीची टोळीच की!" आक्का खळखळून हसल्या. "टोळी येती, कोप्या घालती, कारखान्याचा पट्टा पडला की गाडी भरून जाती. फकस्त हितं ट्रॅक्टर, तितं इमान!"

मी शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवला, पण मोरनबाचं एवढं नेमकं वर्णन मला जमलं नसतं. टोळी गावात राहते म्हणून कुणी तिच्या भरवशावर माडी बांधतो का? किराणावाला तेवढा उधारीची वही जाड करतो, आणि तोही पट्टा पडायच्या आत वसुली बघतो.

"पण बाई," दाजी आता मवाळ झाले होते, "गोव्याची लोकं तर खाणीवर लाल झाली म्हनत्यात."

लाल झाली, अक्षरशः. चीनला बीजिंग ऑलिम्पिकच्या आगेमागे लोखंड हवं होतं. गोव्याचा हलका दगडही तिकडे विकला जाऊ लागला. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर माल बाहेर गेला. डिचोली, साखळी, उसगाव, सावर्डे, कुडचडे या पट्ट्यात ज्याच्या दारात माड होता त्याच्या दारात ट्रक आला. शेती पडीक, भाताच्या खाचरात लाल गाळ. रस्त्याकडेच्या घरांनी पुढे गाळे काढले, मागे खोल्या काढल्या. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. २०१४ ला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. लोकांनी पुन्हा ट्रक रंगवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं बंद झालं.

आम्ही त्यानंतर एकदा मंगेशीला गेलो होतो. येताना सावर्ड्याकडून आलो. एका घराच्या अंगणात ट्रक उभा होता, चाकं काढून विटांवर ठेवलेला. हौद्यात पावसाचं पाणी साचलेलं आणि त्यात चक्क अळू उगवलेलं. घरातली म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. हे तिला सहज म्हणाले, "ट्रक विकायचाय का?" ती म्हणाली, "घेतलो कोण?" मागच्या चारही खोल्यांच्या दारांवर "रूम भाड्यान दिवपाची आसा" असं खडूनं लिहिलेलं. पावसानं अर्धी अक्षरं पुसली होती. पुन्हा लिहायची तसदी कुणी घेतली नव्हती.

आक्का गप्प झाल्या. त्यांनी परातीतल्या शेंगा उगाच इकडच्या तिकडे केल्या.

"आणि आक्का, भाव पडला तरी जागा जागेवर राहते, असं वाटत असेल तर तेही नाही. घुग्घुसची गोष्ट पेपरात आली होती. २६ ऑगस्ट २०२२. आमराई वॉर्डातलं एक घर संध्याकाळी बघता बघता जमिनीत गेलं. पडलं नाही, गेलं. साठ-सत्तर फूट खाली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसं हादरा बसताच बाहेर पळाली म्हणून वाचली. आजूबाजूची कुटुंबं रातोरात हलवावी लागली."

"घर गिळलं?" आक्कांनी पदर तोंडाला लावला. "सातबारा असून?"

"कागद वर राहिले, घर खाली गेलं."

आता अंधार पडत आला होता. दाजी तारेला टेकून रस्त्याकडे बघत होते. भवानीनगरच्या बाजूनं एक ट्रॅक्टर गेला, मोठ्यानं गाणी लावून. हंगाम सुरू व्हायला वेळ होता, पण कारखान्याच्या भावाची चर्चा आत्तापासूनच सुरू झाली होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दाजीच म्हणाले, आणि जे म्हणाले ते मी घरात येऊन लगेच कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

"बाई, आपला ऊस बघा. लागण केली, तोडला, की खोडवा येतो. खोडव्याचा निडवा बी येतो. बेणं एकदाच. पाणी आन खत घातलं की रान पुन्ना उभं राहतंय. खाणीचं तसं न्हाई. यकदा काढलं ते काढलं. खाणीला खोडवा नसतोय."

मी म्हटलं, "दाजी, हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

"आधी तुमी कुठं बोलू दिलं?"

पण गोष्ट तिथेही संपत नाही, कारण आपणही फार लांब नाही आहोत. बारामतीत एमआयडीसी आली, शिक्षणसंस्था वाढल्या, रस्ते झाले आणि आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षकाला बारामतीत परवडेल अशी खोली सापडेना. फरक आहे तो पायांचा. बारामतीचा भाव एका पायावर उभा नाही. नीरेचा कालवा आहे, ऊस आहे, दूध आहे, कारखाने आहेत, कॉलेजं आहेत. एक पाय लंगडला तर बाकीचे सावरतात. वालचंदनगर तर एका शेठजींनी माळावर वसवलेलं, तेही आधी साखरेवर आणि मग मोठमोठ्या यंत्रांवर, अगदी इस्रोच्या कामापर्यंत. धंदा बदलता आला म्हणून गावाचं नाव राहिलं. खाणीच्या गावाला पाय एकच, आणि तो रोज खणून काढायचा असतो.

आक्कांनी तिथेच तारेपाशी उभं राहून भाच्याला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. आमच्याकडे फोन असाच करतात, म्हणजे पुन्हा सांगायचं राहत नाही.

"आरं बाळा, त्या पलाटाचा सातबारा धाड. आन त्यो पलाट इकणारा स्वता तितं खोल्या का काढंना, ते बी इचार."

पलीकडे बराच वेळ नुसता यंत्राचा आवाज. मग भाचा म्हणाला, "आत्या, त्यो तर नागपुरात फ्लॅट घेतोय."

दाजींनी तंबाखू तोंडात टाकली. आक्कांनी फोन बंद केला, तारेखालून हात घालून आमच्या बाजूची दोन घोसाळी तोडली आणि म्हणाल्या, "चला, भजी टाकते. पैसं हायत तितंच बरं हायत."

तुमच्याही घरी कुणाचा भाचा कुठल्यातरी खाणीवर असेल, आणि कधीतरी त्याचा फोन येईल. तेव्हा सातबारा मागवा. भाडेकरू तिथे कशासाठी आलाय आणि कधी जाणार, ते विचारा. आणि जो विकतोय तो त्या पैशातून कुठे घर घेतोय, ते आधी बघा.